दोन पोटांचं भांडं

१ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे! ओटाहुहूहून शनिवारी निघालो, मध्ये टाउपोला मुक्काम केला आणि काल संध्याकाळी लोअर हटच्या या टेकडीवर सामानासकट येऊन पडलो. रस्ता इतका चढा की शेवटच्या वळणावर तांदळाचा डबा घसरत येऊन माझ्या सीटवर आदळला. घर मात्र झकास आहे. वर जुना लाकडी बंगला, त्यात माझं काम. खाली दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात आमचं बिऱ्हाड. खिडकीतून खाली हट नदी दिसते आणि पलीकडे समुद्राचा हातरुमालाएवढा तुकडा. ऋचाला वेलिंग्टनची ट्रेन खालच्याच स्टेशनवर मिळते, सिद्धीची शाळा चालत जाण्याजोगी आहे. इतक्या सोयी एका जागी मिळाल्या की माझ्यासारख्या पुणेकराला आधी संशयच येतो.

घर वॉल्टर नावाच्या एका इंजिनियरचं. तरुणपणी ते धरणं बांधायला पेरूला गेले आणि तिथली जुनी मातीची भांडी गोळा करायचा नाद लावून घेऊन आले. कोलंबस अमेरिकेला पोचायच्या कितीतरी आधीची भांडी, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची. निदान त्यांची तशी समजूत होती. अस्सल म्हणून नक्कल गळ्यात मारणारे तिथल्या बाजारात तेव्हाही होतेच. वॉल्टर गेल्या हिवाळ्यात वारले. मूलबाळ नाही. भाची आहे, हेदर, निवृत्त शिक्षिका, पोरिरुआला राहते. तिचं म्हणणं सरळ आहे. खरी भांडी कुणाच्या ना कुणाच्या थडग्यातून उपसलेली आहेत, तेव्हा ती पेरूला परत गेली पाहिजेत. वकिलातीशी बोलणं झालंय, एक ऑक्टोबरला व्हॅन येणार. नकली भांडी ती ऑप शॉपला, म्हणजे इथल्या दानधर्माच्या दुकानाला देऊन टाकणार. खरी कुठली आणि खोटी कुठली हे मी सांगायचं. भोकं पाडून नमुने काढायला तिची सक्त मनाई आहे. ती म्हणाली की माझ्या डोळ्यावर तिचा पूर्ण भरवसा आहे.

आठ वर्षं या देशात बाथरूमच्या टाइल्स विकलेल्या माणसाला हे ऐकून रडू फुटायचंच बाकी राहतं. पुण्याच्या संग्रहालयात असताना मी खापराचा वास घेऊन ते कुठलं ते सांगायचो. तो इंद्रनील कुठे गेला असं ऋचा अधूनमधून विचारायची. तो आज परत आला.

सिद्धीही खूश आहे. सहा संपून सातवं लागेल आता. वरचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे प्रत्येक ‘स’बरोबर बारीक शिट्टी निघते, आणि स्वतःचं नाव सांगताना तर हमखास. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. घर आवडलं का असं विचारलं तर ‘हीप्स!’, म्हणजे खूप खूप, म्हणाली आणि जँडल्स, म्हणजे त्या रबरी चपला, नेहमीसारख्या उलट्या पायांत घालून, डावा पाय किंचित ओढत बागेत पळाली. त्या पळण्याकडे मी बराच वेळ बघत बसलो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कामाला रंग चढलाय. भांडी चाळीसेक आहेत. घोड्याच्या नालेसारख्या चोचीची, माणसांच्या डोक्यांची, एक कणसाचं, एक झोपलेल्या बदकाचं. त्यातली निम्मी तरी मला पहिल्या दिवशीच खोटी वाटली.

नकलीची गंमत अशी की तिच्यात चूक नसते. अस्सल कुंभार घाईत असतो. त्याला संध्याकाळपर्यंत अजून ढीगभर मडकी करायची असतात, त्यामुळे एक कान वर जातो, एक पट्टा वाकडा येतो. नकला करणारा मात्र श्वास रोखून बसतो आणि दोन्ही कान अगदी बरोबर करतो. भांडं उलटं करून बुड पाहावं. खरं भांडं वापरात एका अंगाने झिजतं, कारण ठेवणाऱ्या हाताला सवय असते. खोट्याचं बुड कानशीने सगळीकडून सारखं घासलेलं असतं. मातीतल्या बारीक मुळांनी खऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. खोट्यावर गोंदाने चिकटवलेली माती असते, ती ओली केली की पितळ उघडं पडतं. खऱ्याला पाणी लागलं की जुन्या तळघरासारखा वास सुटतो. तो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

एकटा असलो की मी भांड्यांशी बोलतो, ही जुनी सवय. या, बसा, आपण कुठले? प्रवास बरा झाला ना? तुम्ही काही घेणार का? वयाने इतकी मोठी मंडळी, त्यांना अरे-तुरे कसं करणार. बोलता बोलता घरचंही सांगत बसतो, सिद्धी काय म्हणाली, ऋचाने भाजीत मीठ किती घातलं. ऋचा एकदा जिना चढून आली आणि दारातच हसत उभी राहिली. म्हणाली, पाहुणे आलेत वाटतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज त्या भांड्याची गाठ पडली ज्याच्यासाठी हे सगळं काम घ्यावं. ते कपाटात होतं, तोंड भिंतीकडे करून. हेदरला फोन केला तर म्हणाली, मामा ते तसंच ठेवायचा. त्याच्याकडे पाहिलं की घरात आणखी कुणीतरी असल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं होतं. तो त्यात पाणी कधी घालू द्यायचा नाही.

दोन पोटांचं भांडं आहे. एका पोटाला चोच, दुसऱ्यावर बसलेलं मूल, दोन्ही पोटं आतून नळीने जोडलेली. मुलाच्या डोक्यात शिट्टी दडवलेली असते. पाणी घालून भांडं डोलवलं की हवा शिट्टीतून जाते आणि मूल आवाज करतं. चोचीला तोंड लावून फुंकलं तरी वाजतं. अशी भांडी मी फक्त चित्रात पाहिली होती.

अस्सल! शंकाच नाही. मुलाचा एक डोळा जरा खाली आलाय. बुड झिजलंय तेही उजव्या अंगाने. पोटावर मुळांच्या रेषा आहेत. बारीक दिवा आत सोडला तर ओल्या मातीत दाबलेली बोटं तशीच्या तशी दिसली, आणि ती इतकी लहान होती की बाईची म्हणावीत. मला वाटतं हे एखाद्या मुलीच्या थडग्यात ठेवलं असावं, तहान लागली तर पाणी हवं म्हणून. आईनेच केलं असेल. मग एवढ्या शतकांनी कुणीतरी फावडं घेऊन आला आणि ते भांडं एका इंजिनियरला विकून गेला. मला फार वाईट वाटलं. मी त्या मुलीला म्हटलं, आता तुम्ही घरी जाणार हं, थोडे दिवस कळ काढा.

सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री अमावास्या. बाबा गेल्यापासून मी दरवर्षी जमेल तसं करतो. इथे भटजी कुठून आणणार, त्यामुळे बाबा करायचे ते आठवून ताम्हण, पाणी, काळे तीळ आणि खिरीची वाटी. यंदा मनात आलं की वर वीसेक जणांची खरी भांडी आहेत, ज्यांना शेकडो वर्षांत कुणी थेंबभर पाणी दिलेलं नाही. वाट्याला काय आलं, तर कपाट. आपण त्यांच्याच जिवावर पोट भरतोय, ओंजळभर पाणी द्यायला काय जातं? ऋचा म्हणाली, कर की, पण खाली सांडू नकोस, जमीन हेदरची आहे.

दुपारी वर गेलो. स्वतःच्या माणसांना पाणी दिलं, मग भांड्यांकडे वळलो. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र लावायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आमचं स्वतःचं गोत्रही काश्यपच. तेव्हा काश्यप गोत्रातले समस्त, असं म्हणून मी तीळ-पाणी सोडलं आणि मनात म्हटलं, घ्या, आता तुम्ही आमच्याच घरातले झालात. हे मी अर्धं गमतीने म्हटलं.

ताम्हणात पाणी बरंच उरलं. पितरांचं पाणी बेसिनमध्ये कसं ओतायचं? समोर दोन पोटांचं भांडं होतं, त्यात ओतलं. तेवढ्यात सिद्धी वर आली. कालपासून शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे तिला दिवसभर करमत नाही. मी भांडं हळूच डोलवून दाखवलं. मुलाच्या डोक्यातून असा लांब, ओला आवाज आला की सिद्धीचे डोळेच विस्फारले. तिने आपल्याला वाजवू द्यावं म्हणून हट्ट धरला. मीच म्हटलं, फुंक.

तिने चोचीला तोंड लावून जोरात फुंकलं. श्वास घेताना घोटभर पाणीही गेलं. ठसका लागला आणि पाठ थोपटली तशी हसली. ओठांवर तीळ चिकटले होते. भांडं मात्र तिने खाली ठेवल्यावरही थोडा वेळ वाजत राहिलं. आतलं पाणी बसायला वेळ लागतो, त्यामुळे असेल.

संध्याकाळी ती जेवली नाही, लवकर झोपली. जरा कणकण आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवल घडलं! सकाळी मी सिद्धीला विचारलं, दूध देऊ का. ती स्वच्छ मराठीत म्हणाली, “मला नको, बाबा. तुम्ही काही घेणार का?”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. सहा वर्षं आम्ही दोघं हिच्यामागे लागलो होतो, गोष्टी, गाणी, आजीशी व्हिडिओवर बोल म्हणून लाच. एक वाक्य धड येत नव्हतं. आज दिवसभर ती मराठीत बोलत होती, आणि तेही काय मराठी! संध्याकाळी ऋचाने पुण्याला फोन लावला. सासूबाई पडद्यावर रडायलाच लागल्या. मलाही भरून आलं.

फक्त एक गोष्ट खटकली. आमच्या घरात मुलं बापाला तुम्ही म्हणत नाहीत. हे ‘तुम्ही काही घेणार का’ ती कुठून शिकली? वर भांड्यांशी बोलताना ऐकलं असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

दाताच्या फटीतून शिट्टी येत नाही. दात तसेच पडलेले आहेत, ‘स’ मात्र स्वच्छ येतो. मी तिला तिचं नाव तीनतीनदा म्हणायला लावलं. तिने ते प्रत्येक वेळी अगदी सारखं म्हटलं.

जँडल्स बरोबर पायांत घालते. डावा पाय ओढत नाही. बागेत चालताना दोन्ही पावलं सारखी पडतात. आज न्हाऊ घातलं. ओल्या केसांना जुन्या तळघरासारखा वास आला, आणि तो कसला ते नाकाला लगेच कळलं. खिडकी उघडली तरी जाईना.

हनुवटीवर स्कूटरवरून पडल्याची खूण होती. ती आता दिसत नाही.

मुलं बदलतात, हे मलाही कळतं. पण माझा धंदाच हा आहे. चूक नसलेली वस्तू हातात आली की माझी बोटं थांबतात. आज पोटच्या पोरीचा हात धरताना बोटं थांबली. देवा, हे मी काय लिहितोय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दोन पोटांचं भांडं काढलं. फोटो शेजारी ठेवून पाहिलं. १२ तारखेला बुड उजव्या अंगाने झिजलेलं होतं. आता डावं अंग झिजलंय, आणि झीज ताजी आहे. मातीची पूड बोटाला लागते. मातीच्या मुलाच्या हनुवटीवर एक बारीक रेघ आहे. फोटोत ती नाही. दोन्ही डोळे आता एका ओळीत आहेत.

आत पाणी उरलेलं नाही. कोरडंठाक. तरीही मी ते उचललं तशी आतून हवा सुटली. लांब आवाज नव्हता तो. बारीक, तुटक, दाताच्या फटीतून यावा तसा.

मी हाक मारली. सिद्धी. भांड्याने उत्तर दिलं.

माझी मुलगी यात आहे. हे वाक्य मी शुद्धीवर असताना लिहितोय. माझी मुलगी या भांड्यात आहे, आणि ते भांडं एक तारखेला पेरूला जाणार आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऋचाला सांगितलं. स्वयंपाकघरात, ती कामावरून आल्याआल्या. ती पोर खाली फरशीवर बसून चित्र रंगवत होती. चार लोकांत कुणाला कळू नये म्हणून आपण मराठीत बोलतो. आज मी उलट केलं, सगळं इंग्रजीत बोललो. हिला मराठीच येतं फक्त, इंग्रजीचा एक शब्द चार दिवसांत तोंडातून आलेला नाही. मग मी एकेक फरक सांगितला. ‘स’ची शिट्टी. डावा पाय. उलट्या चपला. हनुवटीची खूण. आमची सिद्धी प्रत्येक वाक्य कसं ‘बाबा, गेस व्हॉट’ने सुरू करते तेसुद्धा.

ऋचाने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग तिने माझा हात हातात घेतला. ती म्हणाली, पोरं एका रात्रीत भाषा उचलतात, पाय सरळ होतात, खुणा जातात, आणि मी दिवसचे दिवस एकटा थडग्यांतल्या वस्तूंबरोबर बसतोय. सोमवारी जीपीची, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरची, वेळ घेते म्हणाली. मी म्हटलं, वर चल, भांडं ऐक. ती आली. भांडं गप्प होतं. तिचा चेहरा मला बघवला नाही.

ती पोर रंगवत बसली होती. डोकंसुद्धा वर केलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

ऋचा बाजाराला गेलेली. ती पोर आपणहून वर आली, माझ्या शेजारी बसली. मी विचारलं — तू कोण?

म्हणाली, आत कोरडं होतं, बाबा. फार दिवस. कुणी पाणी देत नव्हतं. तुम्ही दिलंत. आपल्या घरातलं म्हणालात.

मी विचारलं माझी सिद्धी कुठे आहे. ती म्हणाली, आहे ना, माझ्या जागी. तिला तहान लागलीय.

मग माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मला परत पाठवू नका म्हणाली. मीही रडलो. तीही कुणाची तरी पोर होती, तिच्या आईची बोटं मी स्वतः पाहिलीत. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि लगेच मागे घेतला — माझी आत कोरडी पडलीय, आणि मी हिला कुरवाळतोय —

२८ सप्टेंबर, रविवार

आज इथल्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे केली. भांड्यात पाणी घातलं, ग्लासभर. पिऊन टाकलं त्याने. शिट्टी वाजली, एकदाच. म्हणजे आहे. जिवंत आहे.

त्या पोरीला म्हटलं पुन्हा फुंक, जशी आलीस तशी जा. मी तुला तुझ्या देशात पाठवतो, तुझ्या मातीत, वचन देतो. ती नाही म्हणाली. मी ओरडलो. ऋचा धावत आली, तिला उचलून खाली घेऊन गेली. जाताना ती ऋचाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

भांडं फोडू का? फुटलं आणि तीही —

नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

हेदर आली होती. तिला सांगितलं दोन पोटांचं भांडं खोटं आहे. नक्कल. आयुष्यात पहिल्यांदा मी अस्सल वस्तूला खोटं म्हटलं, आणि आवाजही हलला नाही. निदान ते आता पेरूला जाणार नाही. हेदर म्हणाली, मग तुम्हीच ठेवा, आठवण म्हणून.

जीपीने झोपेच्या गोळ्या दिल्या. घेतल्या नाहीत.

पाणी घालत राहतो. प्यायला लागलंय ते भरभर. शिट्टी मात्र बारीक होत चाललीय —

३० सप्टेंबर, मंगळवार

आली! आली परत!

दुपारी ती पोर आपणहून वर आली. थकल्यासारखी. म्हणाली, बाबा, तुम्ही रडता ते मला बघवत नाही, मी जाते. चोचीला तोंड लावलं. फुंकलं — तोच लांब, ओला आवाज — आणि खाली कोसळली. मी नाव घेत गालावर थोपटत राहिलो. डोळे उघडले.

“बाबा, गेस व्हॉट? आय’म स्टार्व्हिंग!”

शिट्टी! स्टार्व्हिंगच्या ‘स’ला शिट्टी! दोन टोस्ट खाल्ले, मराठीत विचारलं त्याला इंग्रजीत उत्तर, उलट्या जँडल्स घालून बागेत गेली, डावा पाय ओढत. हनुवटीवर खूण आहे. डावीकडे असायची असं मला वाटतं, आता मध्यावर दिसते, पण आनंदात मोजमाप कोण घेतं! ऋचाला ऑफिसात फोन केला, रडता रडता बोललो. तीही रडली. माझ्यासाठी असेल.

भांडं मात्र वाजतंय. पाणी नसताना. ती बिचारी परत गेली ना, तीच रडत असणार. केवढ्याने रडतेय. ऐकवेना — शेवटी चोचीत कापूस घातला, आणि मुलाच्या डोक्यातल्या भोकातही. तिला दिलेलं वचन पाळायला हवं. हेदरला कळवलं, माझी चूक झाली, ते भांडं अस्सल आहे. उद्याच्या व्हॅनमधून जाऊ दे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खिडकीशी बसून लिहितोय. व्हॅन आली. दोन पेट्या. भांडं मी स्वतः फोममध्ये बसवलं. हात लावला तर कोमट होतं. आतून काहीतरी आपटल्यासारखं — प्रवासाची भीती असेल. जा बाई, घरी जा.

ड्रायव्हर पेटी उचलताना थबकला. आत किटली उकळतेय का विचारलं. मी हसून नाही म्हटलं. स्वीट ॲज, म्हणजे मग ठीक, म्हणाला. दार लावलं.

सिद्धी माझ्याशेजारी सोफ्यावर चढलीय. नाक काचेला. इतक्या दिवसांनी मला मोकळं वाटतंय. ऋचा आली की तिला सांगेन, तू म्हणतेस तेच खरं असू दे, माझं डोकं फिरलं होतं, पोर घरात आहे ना, मग झालं —

व्हॅन निघाली. सिद्धी हात हलवतेय. विचारलं कुणाला टाटा करतेस.

माझ्याकडे बघितलं नाही. काचेशी, अगदी हळू, स्वच्छ —

“टाटा, सिद्धी.”

इंग्रजीत सांगितलं होतं मी — तिच्यासमोर — एकेक फरक — मीच शिकवलं —

व्हॅन पहिल्या वळणावर. अजून दिसतेय. चावी — ऋचा गाडी स्टेशनवर घेऊन गेलीय — पळत — कापूस, मी माझ्या हाताने तिच्या तोंडात काप